तिसऱ्या अंकातला हशा

वडिलांच्या मागं आमच्याकडं दोन गोष्टी राहिल्या: थोडी कोरडवाहू जमीन आणि एक तीन अंकी विनोदी नाटक. जमिनीतला माझा वाटा मी भावाच्या नावे सोडून दिला. बहिणींनी तसं करायचं असतं, न केलं तर माहेर तुटतं. नाटकाची वाटणी मात्र कुणी न करताच झाली. भाऊ रंगमंचावर गेला आणि मी विंगेत.

मी नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई. का आले ते इथं सांगत नाही, त्यात विनोदी काही नाही. भावाच्या घरातली मागची खोली, एक शिलाई मशीन आणि वर्षातून एकदा नाटकाची वही, एवढा माझा संसार. भाऊ मला कधी घालूनपाडून बोलला नव्हता, असं मी त्या जानेवारीपर्यंत लोकांना अभिमानानं सांगत असे.

आमचं गाव खामगाव तालुक्यातलं. तूर घरात आली की हायस्कूलच्या पटांगणात हौशी मंडळाचं नाटक होतं. दरवर्षी तेच नाटक. पिंपळगाव राजाकडून, इकडून तिकडून माणसं येतात. गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तरी येतात. खरं म्हणजे पाठ आहे म्हणूनच येतात. कुठं हसायचं ते आधीपासून माहीत असलं की माणूस निर्धास्त हसतो.

गोष्ट अशी. पुण्याचा एक वकील. त्याची बायको शिकलेली, सभासमारंभात भाषणं ठोकणारी. वकील एक शक्कल लढवतो. घराच्या किल्ल्या तो गड्याच्या हातात देतो आणि बायकोला सांगतो, यापुढं घराबाहेर जायचं तर गड्याची परवानगी काढायची, जेवायचं तर गड्यानं वाढल्यावर. पहिल्या अंकात बायको थयथयाट करते. दुसऱ्या अंकात ती रडते, गडी चढेल होतो आणि वकिलाच्या हातून थोबाडीत खातो. तिसऱ्या अंकात बायको ताळ्यावर येते, नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि म्हणते, "आजपासून या घराचा उंबरठा हीच माझी वेस." वकील तिला उठवून तिच्या खांद्यावर शालू घालतो. पडदा.

ते शेवटचं वाक्य ती एकटी कधीच म्हणत नाही. सगळं पटांगण तिच्याबरोबर म्हणतं. माझ्या लहानपणापासून तसंच आहे. ती वाकली की पुरुषांच्या बाजूनं आवाज उठतो, मग बायकाही मिसळतात, पोरं तर किंचाळतात. आरतीला म्हणतात तसं म्हणतात. आमच्या गावाला दुसऱ्या कशाचा एवढा एकोपा जमलेला मी पाहिलेला नाही.

विंगेत माझी कामं दोन. एक म्हणजे वही घेऊन बसायचं आणि कुणी अडखळलं की आतून शब्द द्यायचा. दुसरं, थोबाडीत मारली की टाळी वाजवायची. वकिलाचा हात गड्याच्या गालाजवळून नुसता फिरतो, आवाज माझ्या तळहातांचा असतो. वडिलांनी मला ते शिकवलं तेव्हा मी फ्रॉक घालत होते. हात आणि टाळी एका क्षणाला यावी लागतात, नाहीतर पटांगण बोंबलतं.

अशी जुनी नाटकं आमच्या कपाटात आणखीही होती. वडील ती मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि आम्ही लोळून हसायचो. मोठी झाल्यावर मी ती एकटीनं वाचली. एकटीनं वाचताना हसू येत नाही, हे पहिलं लक्षात आलं. दुसरं असं की मार खाणारी माणसं सगळ्या नाटकांत तीच. गडी, मोलकरीण, बहिरा म्हातारा, तोतरा मामा आणि जास्त बोलणारी बायको. मालकाच्या थोबाडीत कुणी मारत नाही. मारलीच तर ती अंधारात चुकून बसते, आणि पुढच्याच पानावर मारणारा पाय धरतो. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई या नाटकांत मला कुठंच भेटली नाही. ती विंगेत बसून शब्द देत असणार.

आणि भाषा. वकील आणि त्याची बायको पुण्याचं शुद्ध बोलतात. 'मले-तुले' करतो तो फक्त गडी. पटांगणात बसलेला झाडून सगळा गाव 'मले-तुले' करणारा, आणि तोच गाव गड्यानं तोंड उघडलं की पोट धरून हसतो. वकिलाचं काम भावाचं. तालमीत तो सगळ्यांच्या तोंडातली वऱ्हाडी घासून काढायचा. "मला म्हण, मला," असं तो बायकोचं काम करणाऱ्यावर ओरडायचा आणि तालीम संपली की स्वतः म्हणायचा, "चाल वं, मले भूक लागली."

गड्याचं काम वर्षानुवर्षं एकच माणूस करायचा. गावातल्या बौद्ध वस्तीतला, वीज खात्यात वायरमन. एरवी शांत, घरी पुस्तकं ठेवणारा, लेक अमरावतीला शिकत असलेला. एकदा त्यानं भावाला विचारलं होतं, "आमाले वकील कवा करता भाऊ?" भाऊ हसून म्हणाला, "तू वकील झाल्यावर गडी कोन करीन बे?" तोही हसला. त्या हसण्याचा अर्थ तेव्हा मी फारसा लावला नाही.

बायकोचं काम आधी पुरुष करायचे, मग अकोल्याहून नटी यायची. भावाचं लग्न झालं आणि ती गरज संपली. वहिनी मोताळ्याकडची, रोहिणखेडजवळची. उंच, आवाज खणखणीत. लग्नाआधी तिनं नर्सिंगचा कोर्स केलेला. लग्नानंतर गावातल्या बाळंतिणी तिला बोलवायच्या, तेही भावाच्या परवानगीनं. रंगमंचावर नवऱ्याच्या पाया पडणारी वहिनी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला मौज वाटली होती. खरं नवराबायकोच ते करतायत म्हणून गावानं दुप्पट टाळ्या दिल्या. मग ते आमच्या नाटकाचं वैशिष्ट्यच होऊन बसलं.

त्या वर्षी वहिनीनं आरोग्यसेविकेच्या भरतीची परीक्षा दिली. भावाला विचारूनच दिली. "देऊन पाह्य," तो म्हणाला होता, कारण ती पास होईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. ती पास झाली. नेमणूक मिळाली ती जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, वरवट बकालकडच्या एका उपकेंद्रात. येत्या सोमवारपर्यंत हजर व्हायचं होतं. नाटक शनिवारी.

भाऊ नाही म्हणाला नाही. नाही म्हणणारा नवरा परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. "तथचं पानी खारं हाये," असं तो एकदा म्हणाला. "पोरीचं कसं?" असं एकदा म्हणाला. त्यांची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. "मी आहे की," असं मी म्हटलं, तर तो मोबाइलमध्ये पाहत राहिला. आणि रोज रात्री जेवताना एकच पालुपद: "नाटक होऊ दे, मंग पाहू." नाटक झाल्यावर पाहायला मधे फक्त रविवार उरत होता, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

शुक्रवारी दुपारी मी शालूला फॉल लावत बसले होते. वहिनी येऊन दार लोटून घेऊन माझ्यासमोर बसली.

"ताई, मी उद्या ते शेवटचं वाक्य नाई म्हनत."

मला वाटलं तिचा घसा बसलाय.

"घसा नाई बसला. त्या जागी मी नोकरीचं सांगते. सगळ्या गावासमोर. घरात इचारलं त मंग पाहू म्हनतात, पन चार लोकाईत ते कोनाले नाई म्हनत नाईत. तुमाले माईत हाये."

मला माहीत होतं. चार लोकांत माझा भाऊ दिलदार. वर्गणी मागायला आलेल्याला घरातली अडचण न सांगता देणारा, पोरींच्या शिक्षणावर हायस्कुलात भाषण करणारा. त्याचा 'नाही' फक्त घरात राहायचा. गावासमोर, टाळ्यांच्या मधे, बायकोनं हात जोडून विचारलं की त्याला हो म्हणावंच लागेल. मला तिची युक्ती इतकी पटली की मी सुई खोचून ठेवली आणि तिचा हात धरला. माझ्या आयुष्यात असं कुठलं पटांगण मला मिळालं असतं तर, असंही मनात आलं.

"मी शब्द देनार नाई," मी म्हटलं. "कितीबी थांबली तरी आतून शब्द येनार नाई. तू बोल."

"घाबरून गेली तर?"

"नाई घाबरत तू."

आम्ही दोघी हसलो. तिनं वाक्य तयार केलं होतं, अगदी शुद्ध, वकिलाच्या बायकोच्या भाषेत, 'आपण अनुमती द्यावी' वगैरे. ते तिनं मला म्हणूनही दाखवलं. छान म्हटलं तिनं.

शनिवारी पडदा पाचलाच उघडला. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो आणि आमचं नाटक कधीच वेळेवर संपत नाही, म्हणून अलीकडं लवकर सुरू करतात. पहिल्या अंकात तर अजून ऊन होतं, मला विंगेतून पुढच्या रांगांतले चेहरे दिसत होते. नाटक रंगलं. वहिनीनं थयथयाट असा काही केला की बायकांच्या बाजूनंही शिट्ट्या आल्या. दुसऱ्या अंकात वायरमननं किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून तोरा मिरवला, मी टाळ्या वेळेवर वाजवल्या, सगळं यथासांग.

तिसरा अंक. शेवटचा प्रवेश. वकील खुर्चीत, गडी शालूचं ताट घेऊन मागं, वहिनी मधे. भावानं त्याचं वाक्य टाकलं, "मग? काय ठरवलं आहेस तू?"

वहिनी वाकली नाही. उभी राहिली. पटांगण वाट पाहत होतं. भावाला वाटलं ती विसरली, त्यानं विंगेकडं तिरकं पाहिलं, म्हणजे मला शब्द द्यायची खूण. मी वही मिटून मांडीवर ठेवली.

मग ती बोलली. पण ते शुद्ध वाक्य आलंच नाही. भीतीनं म्हणा किंवा खरं बोलताना माणसाच्या तोंडात आपलीच भाषा येते म्हणून म्हणा, ती म्हणाली, "सोमवारी मी वरवट बकालले चालली. मले नोकरी लागली हाये. सगळ्यासमोर इचारते, तुमी हो म्हना."

एक क्षण काहीच झालं नाही. भावाचा चेहरा पडलेला मला दिसला, आणि मला वाटलं, जमलं. त्या क्षणासाठी मी आजही देवाला दोष देत नाही, तो क्षण मला मिळाला.

मग हशा आला. कुठून सुरू झाला सांगता येत नाही, सगळीकडूनच आला. वकिलाची बायको, पुण्याची, आणि 'मले नोकरी लागली हाये'! गड्याच्या तोंडची भाषा मालकिणीच्या तोंडी! त्यातून वरवट बकाल! लोकांना वाटलं, यंदा काहीतरी नवीन टाकलंय. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती.

हशानं माझ्या भावाला वाचवलं. त्याचा पडलेला चेहरा हळूहळू उभा राहिला. तो नट आहे, हे मला कबूल करावंच लागतं. तो सावकाश पटांगणाकडं वळला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "अरे देवा! गड्याला नुसत्या किल्ल्या दिल्या होत्या, तर हिनं त्याची जीभसुद्धा उसनी घेतली!"

पटांगण फुटलं. वहिनी काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. विंगेतल्या मला ऐकू येत नव्हतं, तर पटांगणाला काय येणार?

तेव्हा वायरमन पुढं आला. शालूचं ताट हातात तसंच. तो माईकपाशी येऊन म्हणाला, "साहेब, बाई खरं बोलून राह्यल्या."

तो खरंच बोलत होता. त्याचा आवाज गड्याचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता, मी तो त्याच्या घरी ऐकलेला आहे. पण त्याच्या अंगात गड्याची बंडी होती आणि कमरेला किल्ल्या होत्या. लोक आधीपेक्षाही जास्त हसले. तो पुन्हा म्हणाला, "हसू नका राजेहो, खरं हाये," आणि त्यावर आणखी हसले. भावानं त्याच्या थोबाडीत मारली. ही थोबाडीत वहीत नव्हती. मी टाळी वाजवली नाही. तरी आवाज आला.

त्यानंतर पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी सुरुवात केली, "आजपासून या घराचा..." आणि सगळं पटांगण म्हणू लागलं. तिनं न म्हटलेलं वाक्य गावानं तिच्या वतीनं म्हणून टाकलं. भावानं तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. ती वाकली का त्यानं वाकवलं, हे इतक्या जवळ असूनही मला सांगता येत नाही. तिच्या खांद्यावर शालू पडला, पडदा पडला.

आत शाळेच्या वर्गखोलीत भावाला माणसं मिठ्या मारत होती. "काय आयटम टाकला भाऊ!" वहिनी बाकावर बसून तोंडावरचा रंग खोबरेल तेलानं पुसत होती. पुसताना तिचा हात मधेच थांबायचा. वायरमन बंडी काढून, घडी करून, बाकावर ठेवून निघून गेला. त्याचा गाल लाल होता.

घरी आल्यावर भाऊ चिडला असता तर बरं झालं असतं. तो खुशीत होता. त्यानं जेवताना पहिल्यांदाच स्वतःहून विषय काढला.

"आता झालं न? सगळ्या गावासमोर तू बोलली, उंबरठा हीच माझी वेस."

"म्या नाई म्हटलं," वहिनी म्हणाली. "लोकाईनं म्हटलं."

"लोकाईनं म्हटलं म्हंजे झालं. गाव खोटं बोलते का?"

मला राहवलं नाही. "मी विंगेत होती. तिनं एक शब्द काढला नाई त्यातला. आन् तुले बी माईत हाये ते नाटक नोयतं," मी म्हटलं.

भावानं पाण्याचा पेला खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "तू कायले मधात बोलते ताई? तुह्या सासरी तू काय उजेड पाडला?"

एवढंच बोलला आणि भाकरी मोडू लागला. जी खोली माझी आहे असं मला इतकी वर्षं वाटत होतं, ती त्या वाक्यानंतर माझी राहिली नाही. त्या रात्री मला वहिनीच्या नोकरीसाठी जितकं वाईट वाटलं तितकंच स्वतःसाठी वाटलं, हेही सांगून टाकते.

रविवारी मोबाइलवर तो तुकडा फिरू लागला. कुणीतरी पुढच्या रांगेतून काढलेला. 'मले नोकरी लागली हाये' आणि त्यावर भावाचं उत्तर, खाली हसून रडणारी पिवळी तोंडं. दुपारपर्यंत तो माझ्या मोबाइलवर तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून आला. शिवायला आलेल्या बायकांनी तो मलाच दाखवला. मी म्हटलं, अवं, ते खरं होतं, तिले खरंच नोकरी लागली. त्या म्हणाल्या, "ताई, तुमी बी लय गमतीच्या हा!"

सोमवारी सकाळी भाऊ लवकर उठला. मुलीला आंघोळ घातली, स्वेटर घातला, मोटरसायकलच्या टाकीवर बसवली आणि "हिले खामगाव दाखवून आनतो" म्हणून निघून गेला. त्यानं असं कधी केलं नव्हतं. वहिनीनं ओसरीतून मोटरसायकल नजरेआड होईपर्यंत पाहिली. मग ती आत गेली, साधी सुती साडी नेसली, बॅग घेतली.

"पोरगी माह्याजवळ राहीन," मी म्हटलं. "संध्याकाळी तो आनीनच. तू जाय."

"तुमाले बोलतीन."

"बोलू दे."

आम्ही दोघी स्टँडवर गेलो. स्टँड म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, पानटपरी आणि चहाची गाडी. खामगावची बस यायची होती, तिथून पुढं दुसरी. वहिनी ताठ उभी होती. ती जाणार, असं मला पक्कं वाटत होतं. पोरगी नेली तरी ती जाणार.

पानटपरीवरच्या एकानं आम्हाला पाहिलं. वाईट माणूस नाही तो. वडिलांच्या मयतीला खांदा दिलेला. त्यानं बॅग पाहिली आणि तोंडभर हसून ओरडला, "काय वहिनी! निघाल्या का वरवट बकालले?"

सगळं स्टँड हसलं. कुणी मोबाइल काढून तोच तुकडा लावला, तिचाच आवाज त्या डब्यातून येऊ लागला. चहावाला म्हणाला, साहेबाईले इचारलं का? कुणी म्हणालं, गड्याले इचारलं का? त्यांच्यात आकस नव्हता. त्यांना ती आवडली होती. गावात एखाद्या सुनेचं इतकं कौतुक झालेलं मी पाहिलं नव्हतं.

बस आली. कंडक्टरनंही तो तुकडा पाहिलेला असावा, तो दारात उभा राहून म्हणाला, "चला, वरवट बकाल, वरवट बकाल!" बसमधली माणसंही खिडकीतून हसू लागली.

आणि वहिनी हसली. तिला हसायचं नव्हतं, हे मी तिच्या शेजारी उभी राहून सांगते. पण इतकी माणसं आपल्याकडं बघून प्रेमानं हसत असली की तोंड आपोआप हसतं, बाईचं तर हसतंच, तिला तसंच वळण लावलेलं असतं. ती हसली, पदर तोंडाला लावला, आणि तिच्या हातातली बॅग खाली आली. एकदा हसल्यावर मग बसमध्ये चढता येत नाही. मी तिच्या पाठीला हात लावला, ढकललंही थोडं. ती जागची हलली नाही. बस गेली. कंडक्टरनं जाता जाता हात हलवला.

आम्ही परत आलो. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "ताई, मी रडली असती त त्याईनं चढू देलं असतं का?" रडणारी बाई त्या नाटकात दुसऱ्या अंकात आहे, तिलाही हसतातच.

ती जागा यादीतल्या पुढच्या कुणाला गेली. भावानं त्यानंतर वर्षभर वहिनीला चांगलं वागवलं, नवीन मोबाइल घेऊन दिला, बाळंतिणींकडं जायला ना केली नाही. लोकांना सांगायचा, बायकोनं माझं नाटक वर काढलं.

पुढच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा वायरमन आला नाही. मी त्याच्या घरी गेले. त्यानं चहा दिला, म्हणाला, "ताई, माह्यावर हसतात ते मले चालत होतं. नाटकच हाये म्हनो. पन खरं बोललो तरी हसतात, मंग मी नाई येत." मी आग्रह केला नाही. गड्याचं काम आता त्याच्याच वस्तीतला एक तरुण करतो. भाऊ म्हणतो, त्यांच्या तोंडी ती भाषा शोभते. आम्ही घरात बोलतो ती भाषा कुणाची, हे त्याला विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

आणि नाटक बदललं. इतक्या वर्षांत त्यातला काना-मात्रा बदलला नव्हता, पण लोकांची फर्माईशच आली. गेल्या वर्षी तो आयटम होता, यंदाही पाहिजे. भावानं मला वहीत लिहून घ्यायला सांगितलं. मी लिहिलं. आता तिसऱ्या अंकात शेवटच्या वाक्याच्या आधी वकिलाची बायको वऱ्हाडीत म्हणते की तिला वरवट बकालला नोकरी लागली आहे, वकील जिभेचं वाक्य टाकतो, गडी 'बाई खरं बोलून राह्यल्या' म्हणतो, आणि थोबाडीत खातो. त्या थोबाडीची टाळी मी वाजवते. बाहेरगावचे लोक खास तेवढ्यासाठी येतात.

यंदाच्या जानेवारीत दुसरा अंक संपल्यावर वर्गखोलीत आम्ही दोघीच होतो. ती शालूच्या आधीची साडी नेसत होती, मी पिना देत होते. तिची मुलगी बाहेर पुढच्या रांगेत बसली होती, आता शाळेत जाते, तिलाही शेवटचं वाक्य पाठ आहे.

मी म्हटलं, "अवं, ते नोकरीचं काढून टाकू का? लोकाईले कंटाळा आला म्हनून सांगते मी त्याले. माह्यावर घेते."

तिनं तोंडातली पिन काढली. "नको ताई. राहू द्या."

"कायले राहू द्या?"

"वर्षातून एकदा मले ते मोठ्यानं म्हनायले भेटते," ती म्हणाली. "घरात त तेबी नाई म्हनता येत."

मग तिसऱ्या अंकाची घंटा झाली. ती रंगमंचावर गेली, त्या वाक्याशी आली, ते म्हणाली, आणि सराईत नटासारखी, हशा पूर्ण ओसरेपर्यंत पुढचं वाक्य न घेता थांबून राहिली.